मुदत नसलेली भीती

जुलै २०२५ मध्ये मुंबईत दहा दिवसांच्या अंतराने दोन निकाल लागले. २१ जुलैला उच्च न्यायालयाने ११ जुलै २००६ च्या लोकल गाड्यांतील स्फोटांच्या खटल्यात दोषी ठरलेल्या सर्व १२ जणांना निर्दोष ठरवले. त्यांतल्या पाच जणांना खालच्या न्यायालयाने फाशी सुनावली होती. ३१ जुलैला विशेष एनआयए न्यायालयाने २९ सप्टेंबर २००८ च्या मालेगाव स्फोटातल्या सातही आरोपींना सोडून दिले. पहिल्या खटल्यातले आरोपी मुसलमान होते, दुसऱ्यातले हिंदुत्ववादी वर्तुळातले. त्यामुळे पहिल्या निकालाने ज्यांचे पित्त खवळले त्यांतल्या पुष्कळांनी दुसऱ्याचे पेढे वाटले, आणि उलटही घडले. राज्य सरकार पहिल्या निकालाविरुद्ध लगोलग सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती मिळाली, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवले गेले नाही. या सगळ्या गोंगाटात साधा हिशेब मात्र कुणी मांडला नाही. लोकलमध्ये १८९ माणसे मेली, मालेगावात सहा. एका प्रकरणात १९ वर्षे आणि दुसऱ्यात जवळपास १७ वर्षे गेल्यावर, ती कुणी मारली याचे न्यायालयात टिकलेले उत्तर आज आपल्याकडे नाही. आणि ही दोन्ही प्रकरणे ज्या कायद्यांखाली चालवली गेली, ते कायदे नेहमीच्या कायद्यांनी दहशतवादी आणि संघटित टोळ्या हाती लागत नाहीत म्हणून, अपवाद म्हणून केलेले होते.

हा अपवाद म्हणजे नेमके काय, हे आधी पाहिले पाहिजे. 'कडक कायदा' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कडक शिक्षा येते. पण खुनाला फाशी आणि जन्मठेप नेहमीच्या कायद्यातही होतीच. त्यापुढे आणखी काय वाढवणार? विशेष कायद्याचा कडकपणा असतो तो निकालाच्या आधी. एरवी गंभीर गुन्ह्यातसुद्धा पोलिसांना जास्तीत जास्त ९० दिवसांत आरोपपत्र दाखल करावे लागते, नाहीतर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. यूएपीए, म्हणजे बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्याखाली ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवता येते. एरवी जामीन देताना न्यायाधीश पुराव्याचे वजन पाहतो, आरोपी पळून जाईल का, साक्षीदारांना धमकावेल का याचा विचार करतो. इथे पोलिसांचे कागद वाचून आरोप प्रथमदर्शनी खरे वाटले, तर जामीन देताच येत नाही. टाडा आणि पोटा हे केंद्राचे जुने दहशतवादविरोधी कायदे आणि महाराष्ट्राचा टोळ्यांसाठीचा मोक्का यांनी आणखी एक दार उघडले होते: वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून ग्राह्य. इंग्रजांनी १८७२ मध्ये पुराव्याचा कायदा केला तेव्हा पोलिसांपुढची कबुली ग्राह्य धरायची नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. आपले पोलीस चौकीत काय करतात हे परक्या सरकारला ठाऊक होते. स्वतंत्र भारताच्या संसदेने १९८० च्या दशकात तो अविश्वास मागे घेतला.

भीतीच्या काळात असे काही होते हे महाराष्ट्राने फार पूर्वी अनुभवले आहे. २२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेगचा बंदोबस्त पाहणाऱ्या रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. सरकार हादरले, आणि गोळ्या झाडणारे चाफेकर सापडण्याआधी त्याचा हात पडला तो सरदार नातू बंधूंवर. प्लेगच्या बंदोबस्तात घरात शिरणाऱ्या सोजिरांविरुद्ध तक्रारी करणारी ही प्रतिष्ठित माणसे. त्यांच्यावर खटला भरलाच नाही. १८२७ चा, म्हणजे पेशवाई बुडाल्यानंतर नव्याने जिंकलेल्या मुलखाला वचक बसवण्यासाठी केलेला, सत्तर वर्षे जुना रेग्युलेशन कपाटातून काढला आणि दोघा भावांना बेळगावला नेऊन अडकवून ठेवले. रँडच्या खुनाशी त्यांचा संबंध कधीच सिद्ध झाला नाही. पुढच्याच वर्षी राजद्रोहाचे कलम रुंद केले गेले आणि समाजासमाजांत वैर पसरवण्याविरुद्धचे १५३-अ हे कलम दंडसंहितेत आले. चाफेकर फाशी गेले, प्लेग ओसरला, घाबरलेले अधिकारी निवृत्त होऊन विलायतेला गेले. कलमे इथेच राहिली. १९०८ मध्ये टिळक दोषी ठरले ते याच दोन कलमांखाली, आणि त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली.

यात कुणाचा कट शोधण्याची गरज नाही. हल्ला झाला की लोक सरकारकडे बघतात आणि सरकारला काहीतरी केल्याचे दाखवावे लागते. गुप्तवार्ता सुधारणे, हवालदाराला प्रशिक्षण देणे, न्यायवैद्यक प्रयोगशाळांत माणसे भरणे या कामांना वर्षे लागतात आणि ती डोळ्यांत भरत नाहीत. कायदा मात्र आठवड्यात होतो. सभागृहात त्याच्या विरोधात बोलणारा देशद्रोह्यांचा वकील ठरतो, म्हणून विरोधी बाकांवरचेही गप्प बसतात. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर यूएपीएतील दुरुस्ती आणि राष्ट्रीय तपास यंत्रणेचा कायदा लोकसभेत मंजूर झाले ते तीन आठवड्यांत, आणि दुसऱ्या दिवशी राज्यसभेतही. भीती खरी असते, तिचा उपयोगही बहुतेक वेळा प्रामाणिकपणे सुरू होतो. गडबड होते ती नंतर, भीती ओसरल्यावर. दिलेला अधिकार परत करण्यात कुणाचाच फायदा नसतो.

म्हणूनच जुन्या काळी अशा कायद्यांना निदान मुदत घालत. ज्या रौलट कायद्याविरुद्ध 'ना वकील, ना अपील, ना दलील' म्हणून देश पेटला, त्यालासुद्धा महायुद्ध संपल्यापासून तीन वर्षांची मर्यादा होती. इंदिरा गांधींची हत्या आणि दिल्लीतले ट्रान्झिस्टर बॉम्ब यांच्या पार्श्वभूमीवर १९८५ मध्ये आलेला टाडा दोन वर्षांपुरता होता. तो पुन्हा पुन्हा वाढवत नेला गेला, पण प्रत्येक वेळी संसदेपुढे जावे लागले आणि दर खेपेला हिशेब विचारला गेला. पंजाबसाठी केलेला हा कायदा गुजरातेत सुमारे १९ हजार लोकांवर लावला गेला, आणि तिथे त्या काळी दहशतवाद नावालाच होता. देशभरातल्या अटकेचा आकडा ७० हजारांच्या पुढे गेला आणि शिक्षेचे प्रमाण नगण्य राहिले. फेब्रुवारी १९९५ मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाचे अध्यक्ष न्या. रंगनाथ मिश्र यांनी हा कायदा पुढे चालू ठेवू नये, असे पत्र खासदारांना लिहिले. त्या मे महिन्यात टाडाची मुदत संपली आणि ती वाढवायला कुणी पुढे आले नाही. मुदत असण्याचा उपयोग तो हा. अर्थात कायदा मेला तरी त्याखालचे खटले मरत नाहीत. महाराष्ट्रातून १९९४ मध्ये पकडलेल्या ११ जणांची नाशिकच्या टाडा न्यायालयाने निर्दोष मुक्तता केली ती २०१९ मध्ये. जन्मठेपेची माणसेसुद्धा एवढ्या काळात सुटून घरी येतात.

पोटाची कथा आणखी बोलकी आहे. अमेरिकेतल्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर तो आधी अध्यादेश म्हणून आला, मग १३ डिसेंबरला संसदेवर हल्ला झाला, आणि मार्च २००२ मध्ये संसदेचे संयुक्त अधिवेशन बोलावून ४२५ विरुद्ध २९६ मतांनी तो मंजूर झाला. मंजुरीच्या बाजूने उभे राहिलेल्यांत तमिळनाडूचे वायको होते. चार महिन्यांनी जयललिता सरकारने एका भाषणाबद्दल त्यांनाच पोटाखाली तुरुंगात टाकले. दीड वर्षाहून अधिक काळ ते आत होते. कायदा करणाऱ्याला तो आपल्या हातात असतानाचाच दिसतो, दुसऱ्याच्या हातात गेल्यावर कसा असेल ते दिसत नाही. २००४ मध्ये सरकार बदलले आणि पोटा रद्द करण्याचे आश्वासन पाळले गेले. कसे पाळले ते मात्र पाहण्यासारखे आहे. २१ सप्टेंबर २००४ रोजी पोटा रद्द करणारा अध्यादेश निघाला, आणि त्याच दिवशी दुसऱ्या अध्यादेशाने दहशतवादाच्या तरतुदी १९६७ च्या बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्यात, म्हणजे यूएपीएत, घातल्या गेल्या. पोलिसांपुढची कबुली वगळली हे खरे, आणि त्याचे श्रेय द्यायला हवे. पण बदलात आणखी एक गोष्ट गळून पडली: मुदत. यूएपीए हा कायमचा कायदा आहे. जामिनाची अट आणि १८० दिवस २००८ मध्ये त्यात परत आले, २०१२ मध्ये दहशतवादी कृत्याच्या व्याख्येत आर्थिक सुरक्षा आली, २०१९ मध्ये संघटनेबरोबर एकट्या व्यक्तीलाही खटल्याविना दहशतवादी घोषित करण्याचा अधिकार आला. टाडा आणि पोटा ही नावे बदनाम झाली होती म्हणून ती गेली. यूएपीएला वाढदिवस नाही, त्यामुळे वर्षाकाठी त्याचा हिशेब मागण्याची वेळही येत नाही.

निकालाआधीच्या या कडकपणाचे फळ आकड्यांत दिसते. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०१६ ते २०१९ या काळात यूएपीएखाली ५,९२२ जणांना अटक झाली आणि १३२ जण दोषी ठरले. एकाच काळातल्या अटका आणि शिक्षा यांचा असा भागाकार काटेकोर नसतो, कारण खटले लांबतात आणि आजच्या अटकेचा निकाल दहा वर्षांनी लागतो. पण तक्रार तीच आहे. खटला लांबतो आणि तोवर माणूस आत असतो. एल्गार परिषद प्रकरणात २०१८ पासून १६ जणांना अटक झाली. व्हर्नन गोन्साल्विस आणि अरुण फरेरा यांना सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये जामीन दिला, तेव्हा पाच वर्षे होत आली होती आणि खटल्याची सुनावणी सुरूही झालेली नव्हती. याच प्रकरणातल्या, कंपवाताने हात थरथरणाऱ्या स्टॅन स्वामींना पाणी पिण्यासाठी नळीचा पेला मिळावा म्हणून न्यायालयात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी, ८४ व्या वर्षी, ते कोठडीतच वारले. ते दोषी की निर्दोष हे आता कुणी ठरवणार नाही. यूएपीएच्याच दुसऱ्या एका खटल्यातल्या, चाकाच्या खुर्चीवरच्या प्रा. जी. एन. साईबाबांना उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सोडले. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, सर्वोच्च न्यायालयाने खास बैठक घेऊन तो निकाल स्थगित केला. मार्च २०२४ मध्ये खंडपीठाने त्यांना पुन्हा निर्दोष ठरवले. सुटकेनंतर सात महिन्यांनी ते गेले. या माणसांचे विचार कुणाला पटोत वा न पटोत, त्यांना जे भोगावे लागले त्यामागे न्यायालयात शेवटपर्यंत टिकलेली शिक्षा नव्हती.

इथवरची तक्रार स्वातंत्र्याच्या बाजूची झाली. ती ऐकून पुष्कळ वाचक म्हणतील, चार माणसांना त्रास होतो तो वाईटच, पण कोट्यवधींच्या सुरक्षिततेची ती किंमत आहे. माझे म्हणणे असे की ही किंमत मोजून माल मिळालेलाच नाही. अटक हीच शिक्षा झाली की तपास चांगला करण्याचे कारण उरत नाही. आरोपी पाच-दहा वर्षे बाहेर येणार नसेल, पत्रकार परिषदेत 'प्रकरणाचा छडा लागला' म्हणून शाबासकी मिळाली असेल, आणि निकाल लागेपर्यंत तपास अधिकारी निवृत्त झालेला असेल, तर पुरावा टिकेल की नाही याची काळजी कुणी करायची? लोकल स्फोटांच्या निकालात याची उदाहरणे पानोपानी आहेत. मोक्काखाली घेतलेल्या कबुलीजबाबांतला मजकूर जागोजागी एकसारखा आढळला आणि ते छळाने घेतल्याचा आरोप न्यायालयाला दुर्लक्ष करण्यासारखा वाटला नाही. शंभर दिवसांनी पुढे आलेल्या टॅक्सीचालकांना क्षणभर पाहिलेले चेहरे आठवतात यावर न्यायालयाचा विश्वास बसला नाही. स्फोटांत कोणत्या प्रकारचे बॉम्ब वापरले हेसुद्धा सरकार पक्षाला सिद्ध करता आले नाही. कबुलीचा जवळचा रस्ता उपलब्ध असल्यावर रासायनिक पृथक्करणाच्या लांबच्या रस्त्याने जाणार कोण?

मालेगावचे उदाहरण याहून जळजळीत आहे. ८ सप्टेंबर २००६ रोजी शब-ए-बारातला तिथल्या कब्रस्तानाच्या परिसरात स्फोट झाले, तीसहून अधिक माणसे मेली, बहुतेक मुसलमान. राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने मोक्का लावून नऊ मुसलमानांनाच पकडले. ते पाच वर्षे तुरुंगात राहिले. पुढे एनआयएने वेगळ्याच लोकांवर, हिंदू आरोपींवर, आरोपपत्र ठेवले आणि २०१६ मध्ये पहिल्या नऊ जणांवरचे आरोप काढून टाकले गेले. एकाच स्फोटाच्या दोन परस्परविरोधी कथा सरकारच्याच दोन यंत्रणांनी शपथेवर सांगितल्या. आणि २००८ च्या स्फोटाच्या खटल्यात यूएपीए लावण्यासाठी सरकारची जी मंजुरी लागते तीच सदोष निघाली. चोर सोडून संन्याशाला सुळी दिल्याची म्हण आपल्याकडे आहे. इथे संन्यासी कोण आणि चोर कोण हेच कळेनासे झाले. याचा तोटा ज्याचा जवळचा माणूस त्या डब्यात किंवा त्या चौकात मेला, त्याला सर्वांत जास्त झाला. त्याने आपले स्वातंत्र्य सरकारच्या हवाली केले आणि बदल्यात त्याला खुनी मिळाला नाही.

यावर एक भक्कम आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. दहशतवादाच्या खटल्यात साक्षीदार घाबरतात, कट सीमेपलीकडे शिजतो, नेहमीच्या पद्धतीने पुरावा मिळत नाही. १२ मार्च १९९३ च्या मुंबईतल्या साखळी स्फोटांत २५७ माणसे मेली, आणि १०० जणांना टाडा न्यायालयाने दोषी ठरवले, ते पोलिसांपुढच्या कबुलीजबाबांच्या आधाराशिवाय जमले असते का? बहुधा सगळ्यांच्या बाबतीत जमले नसते; हे मान्य करायला हवे. पण त्या खटल्यात शस्त्रे, आरडीएक्स, गाड्या, उतरवलेला माल असा भौतिक पुरावाही पुष्कळ होता, हेही त्यासोबत मोजायला हवे. आणि दुसरा दाखला २६ नोव्हेंबरच्या हल्ल्याचा आहे. अजमल कसाबवरच्या खटल्यात यूएपीएची कलमे होतीच. पण तो उभा राहिला तो वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांनी स्थानकात काढलेल्या फोटोंवर, सीसीटीव्हीच्या चित्रणावर, ध्वनिमुद्रित फोनवर, सहाशेहून अधिक साक्षीदारांवर आणि पोलिसांपुढे नव्हे तर दंडाधिकाऱ्यापुढे दिलेल्या कबुलीवर. हल्ल्यापासून दीड वर्षाच्या आत शिक्षा झाली आणि ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकली. याच खटल्यात दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी सुटले आणि त्यांची सुटकाही शेवटपर्यंत कायम राहिली. एरवीच्या गुन्ह्यात जी मेहनत करायची तीच इथे केली गेली. आपल्याकडच्या दहशतवादाच्या खटल्यांत याइतका निर्विवाद निकाल क्वचितच लागला असेल.

दुसरा आक्षेप न्यायालयांचा आहे, आणि तो न्यायालयांनीच घेतला आहे. १९९४ मध्ये कर्तार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने टाडा वैध ठरवला. कायद्याचा गैरवापर होतो म्हणून कायदा वाईट ठरत नाही, हे या बाजूचे नेहमीचे म्हणणे. एखाददुसऱ्या वेळी हे खरे असते. पण पंजाबसाठीचा कायदा गुजरातेत, टोळ्यांसाठीचा मोक्का साखळीचोरांवर, दहशतवाद्यांसाठीचा पोटा वायकोंवर असे तीस-चाळीस वर्षे, हर पक्षाच्या राजवटीत चालले, तर त्याला गैरवापर कशाला म्हणायचे? तो वापरच आहे. निरपराध शेवटी सुटतातच, असेही सांगितले जाते. शेवटी म्हणजे कधी, हे सांगणारा ऐकणाऱ्याच्या वयाकडे पाहत नाही. ब्रिटनमध्ये लंडनच्या २००५ च्या स्फोटांनंतर आरोप न ठेवता डांबून ठेवण्याची मुदत ४२ दिवसांपर्यंत नेण्याचा सरकारचा प्रयत्न २००८ मध्ये लॉर्ड्स सभागृहाने हाणून पाडला. आज ती १४ दिवस आहे, आणि दहशतवादाच्या कायद्यांवर दरवर्षी जाहीर अहवाल लिहिणारा एक स्वतंत्र परीक्षक तिथे नेमलेला असतो. तिथले लोक आपल्याहून कमी भित्रे आहेत असे नाही. त्यांनी फक्त हिशेब विचारण्याची वेळ आणि माणूस ठरवून ठेवला आहे.

आपल्याकडे प्रवास उलट्या दिशेने चालू आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ११३ वे कलम दहशतवादी कृत्याचे आहे. म्हणजे जो अपवाद होता तो आता रोजच्या फौजदारी कायद्याचा भाग आहे, आणि यूएपीए लावायचा की हे कलम, हे पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी ठरवतो. ३१ मार्च २०२६ पर्यंत नक्षलवाद संपवू अशी केंद्राची घोषणा असताना, गडचिरोलीतली चळवळ शेवटच्या घटका मोजते आहे असे राज्य सरकार सांगत असताना, महाराष्ट्राने त्याच धोक्याचे कारण देऊन विशेष जनसुरक्षा विधेयक आणले. संयुक्त समितीकडे साडेबारा हजारांहून अधिक सूचना आल्या, 'व्यक्ती' हा शब्द वगळून 'कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटना' असे शब्द घातले गेले; 'तत्सम'मध्ये कोण कोण येते ते सरकार ठरवील. १० जुलै २०२५ रोजी विधानसभेत ते आवाजी मतदानाने मंजूर झाले, उघड विरोध मुख्यतः मार्क्सवादी पक्षाच्या एकुलत्या आमदाराचा. दुसऱ्या दिवशी, ११ जुलैला, विधान परिषदेने मान्यता दिली. लोकल गाड्यांतल्या स्फोटांना त्या दिवशी १९ वर्षे पूर्ण झाली होती, आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला दहा दिवस बाकी होते.